डोकुविकीत ‘नोट’कडून ‘रॅप’कडे : पाने न मोडता प्लगइन बदलण्याचा क्रम

डोकुविकी या विकी-सॉफ्टवेअरवर सूचनांच्या चौकटींसाठी ‘नोट’ प्लगइन (वाढीव सोय देणारा जोड-प्रोग्राम) वापरणाऱ्यांना पुढेमागे ‘रॅप’ हवासा वाटतो, कारण चौकटी, रकाने, रुंदी आणि मजकुराची मांडणी ही सगळी कामे त्या एकाच प्लगइनमध्ये होतात. बदल करताना मात्र बहुतेक ठिकाणी तीच चूक होते : आधी नोट काढून टाकला जातो आणि मग पाने दुरुस्त करायला सुरुवात होते. नोट निघाला की त्याचे टॅग कोणी ओळखत नाही, त्यामुळे प्रत्येक पानावर ते टॅग साध्या मजकुरासारखे उघडे पडतात आणि वाचकांच्या तक्रारींच्या दडपणाखाली घाईघाईने शोध-बदल सुरू होतो. दुसरी चूक म्हणजे टॅगातला एक शब्द काढून त्या जागी दुसरा घालणे. तसे केल्यावर बरीच पाने ठीक दिसतात, आणि म्हणूनच जी ठीक नसतात त्यांच्याकडे महिनोन्‌महिने कोणाचे लक्ष जात नाही.

दोन्ही प्लगइनचे टॅग वेगळे असल्यामुळे ते एकाच विकीवर एकाच वेळी विनातक्रार चालतात. पुढचा सगळा क्रम याच एका गोष्टीवर उभा आहे : नवा आधी बसवायचा, पाने बदलायची, तपासायची आणि जुना सर्वांत शेवटी काढायचा. वाचकाकडे विकीच्या व्यवस्थापकाचे अधिकार आहेत आणि सर्व्हरवरील फाइलींपर्यंत तो पोहोचू शकतो असे येथे धरले आहे.

लिहिण्याच्या पद्धतीबद्दल एक खुलासा आवश्यक आहे. या लेखातील टॅग, फाइली आणि सेटिंगांची नावे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्षात ती रोमन अक्षरांतच असतात. रॅपमध्ये रोमन मोठी आणि छोटी अक्षरे यांचा अर्थ वेगळा होतो, म्हणून मोठ्या अक्षरांतल्या टॅगाला येथे ‘मोठा रॅप’ आणि छोट्या अक्षरांतल्या टॅगाला ‘छोटा रॅप’ असे म्हटले आहे.

## टप्पा १ : मोजदाद

कोणत्या पानांवर नोटचे टॅग आहेत हे विकीच्या शोधपेटीतून कळेल अशी अपेक्षा ठेवू नये. डोकुविकीचा शोध शब्दांवर चालतो. कोनी कंसासारखी चिन्हे तो विचारात घेत नाही. त्यामुळे ‘नोट’ हा रोमन शब्द जिथे जिथे साध्या मजकुरात आला आहे ती सगळी पाने यादीत येतात आणि ती यादी कामाची राहत नाही.

डोकुविकी डेटाबेस वापरत नाही. प्रत्येक पान ही डेटा फोल्डरातल्या ‘पेजेस’ या उपफोल्डरातली एक साधी मजकूर-फाइल असते. म्हणून सर्व्हरवर ग्रेप ही आज्ञा वापरून, उघडणाऱ्या कोनी कंसासह ‘नोट’ हा मजकूर आणि नोटचा बंद करणारा टॅग असे दोन्ही त्या फोल्डरात आणि त्याच्या सर्व उपफोल्डरांत शोधावा आणि निघालेल्या ओळी एका फाइलीत साठवाव्यात. नुसती फाइलींची नावे पुरेशी नाहीत. पूर्ण ओळ हवी, कारण टॅगात पुढे काय लिहिले आहे यावरच तिसऱ्या टप्प्यातली जुळवणी ठरते.

पानांची नावे मराठीत असतील तर ही यादी पाहून बिचकायला होते. डोकुविकीच्या मूळ सेटिंगनुसार रोमन नसलेली अक्षरे फाइलीच्या नावात टक्का-चिन्हांच्या सांकेतिक रूपात जातात आणि देवनागरीचे प्रत्येक अक्षर, मात्रा किंवा अनुस्वार त्या रूपात नऊ चिन्हे व्यापतो. ‘सूचना’ नावाच्या पानाची फाइल त्यामुळे, शेवटचा विस्तार सोडून, पंचेचाळीस चिन्हांच्या नावाची होते. ही नावे हाताने ओळखण्याच्या फंदात पडू नये. यूआरएल उलगडणाऱ्या कोणत्याही साधनातून सगळी यादी एकदाच काढून घ्यावी. वाचायला सोपे जावे म्हणून याच वेळी फाइलनावांच्या रूपाचे सेटिंग बदलण्याचा मोह होतो. तो टाळावा. सेटिंग बदलल्याने आधीच्या फाइलींची नावे आपोआप बदलत नाहीत आणि विकीला ती पाने अस्तित्वातच नाहीत असे वाटू लागते.

यादी तयार झाली की त्यात चार गोष्टी मुद्दाम शोधाव्यात.

पहिली, टॅगातले प्रकार. नोटचे मुख्य प्रकार चार : प्रकार न लिहिलेला साधा नोट, टिप, इम्पॉर्टंट आणि वॉर्निंग. साध्यालाच ‘क्लासिक’ असेही लिहिता येते. हा प्लगइन काही फ्रेंच पर्यायही स्वीकारतो. दुसरीकडून उचललेला मजकूर विकीवर चिकटवला असेल तर ते आढळू शकतात.

दुसरी, चुकीचे लिहिलेले प्रकार. नोटला प्रकार ओळखता आला नाही तर तो गुपचूप साधी चौकट दाखवतो. ‘टिप’ऐवजी कोणी अनेकवचनी ‘टिप्स’ लिहिले असेल तरी पानावर चौकट दिसत राहते, म्हणून ती चूक आजवर कोणाला खटकलेली नसते.

तिसरी, अक्षरांचा आकार. प्रकाराचे पहिले अक्षर मोठे असले तरी नोटला चालते. रॅपला ते चालत नाही.

चौथी, साच्यांच्या फाइली. नव्या पानासाठी आयता मजकूर पुरवणाऱ्या या फाइलींची नावे एक किंवा दोन अंडरस्कोरनी सुरू होतात. एक अंडरस्कोर असेल तर साचा त्याच नामविभागापुरता (पानांच्या त्याच गटापुरता) लागू होतो, दोन असतील तर त्याखालच्या उपविभागांनाही लागू होतो. या फाइली विकीवर पान म्हणून उघडत नाहीत, त्यामुळे विकीच्या आतून चालणाऱ्या कोणत्याही साधनाला त्या दिसत नाहीत. त्या राहून गेल्या तर सगळी पाने बदलून झाल्यावरही प्रत्येक नव्या पानाबरोबर जुना टॅग परत जन्माला येतो.

पडताळणी : यादीतल्या उघडणाऱ्या आणि बंद करणाऱ्या टॅगांची संख्या पान-पान जुळवून पाहावी. जिथे ती जुळत नाही तिथे बहुधा एखादा टॅग बंद करायचा राहिलेला असतो, किंवा टॅग कसा लिहावा हे समजावणारा नमुना त्या पानावर असतो. अशी पाने वेगळ्या यादीत काढावीत. ती हातानेच बदलायची आहेत.

## टप्पा २ : प्रत आणि चाचणीची जागा

या कामासाठी ‘कॉन्फ’ फोल्डर, प्लगइनांचा फोल्डर आणि डेटामधील ‘पेजेस’, ‘मेटा’ व ‘ॲटिक’ हे तीन उपफोल्डर यांची प्रत पुरेशी आहे. ‘ॲटिक’मध्ये पानांच्या जुन्या आवृत्त्या असतात आणि ‘मेटा’मध्ये बदलांची नोंद असते. नुसती ‘पेजेस’ची प्रत घेऊन ती नंतर परत ठेवली, तर पानाचा मजकूर एक सांगतो आणि इतिहास दुसरेच सांगतो. चित्रे आणि जोडलेल्या फाइली या कामात बदलत नाहीत, त्यामुळे ‘मीडिया’ फोल्डर वगळला तरी चालते.

त्याच प्रतीवरून चाचणीसाठी दुसरी विकी उभी करावी. तिची आवृत्ती मूळ विकीचीच असावी : मूळ विकीवर २०२४ ची ‘काओस’ आवृत्ती असताना चाचणी २०२५ च्या ‘लायब्रेरियन’वर केली, तर दिसलेला फरक प्लगइनचा की आवृत्तीचा हे सांगता येत नाही. डोकुविकीची आवृत्तीही बदलायची असेल तर ते काम वेगळ्या दिवशी करावे.

सावधान : पानांची सदस्यता घेतलेल्यांचे तपशीलही ‘मेटा’सोबत चाचणीच्या विकीवर येतात. तिथे ईमेल सूचनांचे सेटिंग आधी बंद केले नाही, तर चाचणीतल्या बदलांची पत्रे खऱ्या माणसांना जातात.

पडताळणी : चाचणीची विकी उघडून एक जुने पान आणि त्याची एक जुनी आवृत्ती पाहावी. दोन्ही दिसत असतील तरच प्रत पूर्ण आहे असे समजावे.

## टप्पा ३ : कशाच्या जागी काय

हा टप्पा कागदावर करायचा आहे आणि पुढे होणाऱ्या चुकांपैकी निम्म्याहून अधिक येथेच टळतात.

टिप आणि इम्पॉर्टंट हे प्रकार रॅपमध्ये त्याच नावांनी आहेत, त्यामुळे ते जसेच्या तसे जातात. साध्या नोटच्या जागी ‘इन्फो’ घ्यावा. खरा सापळा वॉर्निंगचा आहे. रॅपमध्येही ‘वॉर्निंग’ नावाचा प्रकार आहे, पण तो वेगळ्या कुळातला आहे : डेंजर, वॉर्निंग, कॉशन, नोटिस आणि सेफ्टी हे पाच प्रकार कारखान्यांतल्या सुरक्षा-फलकांसारख्या भडक, भरीव रंगांच्या चौकटी देतात. नोटच्या वॉर्निंगला जवळचा प्रकार ‘अलर्ट’ आहे. नुसता शब्द बदलणाऱ्यांच्या विकीवर म्हणूनच इतर चौकटी सौम्य आणि वॉर्निंगची एकदम नारिंगी असा विचित्र मेळ दिसतो.

चुकीच्या लिहिलेल्या प्रकारांचा निर्णय येथेच घ्यावा. रॅपला अनोळखी प्रकार मिळाला तर तो साधी चौकटही दाखवत नाही. मजकूर कोणत्याही सजावटीविना पानात मिसळून जातो. टॅग उघडा पडत नाही, त्रुटीचा संदेश येत नाही, फक्त सूचना सूचनेसारखी दिसेनाशी होते. या सर्व बदलांत हाच बिघाड सर्वांत वाईट, कारण तो डोळ्यांना दिसत नाही. पहिल्या टप्प्यात सापडलेल्या प्रत्येक चुकीच्या रूपापुढे योग्य प्रकार लिहून ठेवावा आणि मोठ्या अक्षराने सुरू होणारे सर्व प्रकार छोट्या अक्षरांत आणावेत.

यानंतर रुंदी आणि आकार. नोटची चौकट पानाच्या मधोमध, पानापेक्षा अरुंद आणि गोलसर कोपऱ्यांची असते. रॅपमध्ये नुसता प्रकार लिहिला तर चौकट पूर्ण रुंदीची आणि काटकोनी येते. मात्र संपादनपट्टीवरचे रॅपचे बटण जो आयता टॅग घालते त्यात प्रकाराबरोबर ‘सेंटर’, ‘राउंड’ आणि ६०% रुंदी हे तिन्ही शब्द असतात. माझ्या मते जुनी पाने बदलताना हेच पूर्ण रूप वापरावे. टॅग थोडा लांब होतो हे खरे, पण पुढे सगळे संपादक बटणच दाबणार आहेत. बदललेल्या चौकटी एका रूपाच्या आणि नव्या चौकटी दुसऱ्या रूपाच्या झाल्या, तर वर्षभरात पाने विसंगत दिसू लागतात.

शेवटचा आणि सर्वांत महत्त्वाचा निर्णय म्हणजे मोठा की छोटा रॅप. मोठा रॅप हा स्वतंत्र खंड असतो. त्यात परिच्छेद, याद्या आणि तक्ते चालतात. छोटा रॅप ओळीतल्या काही शब्दांसाठी असतो आणि त्यात यादी किंवा तक्ता उमटत नाही. नोटची जागा घेण्यासाठी नेहमी मोठा रॅपच वापरावा, मग चौकटीत एकच ओळ असली तरीही.

सावधान : उघडणारा टॅग मोठा आणि बंद करणारा छोटा असे झाले तर डोकुविकी त्या दोघांना एकमेकांचे मानत नाही. तसा पानावर दुसरा कोणता बंद करणारा मोठा टॅग नसेल तर चौकट उमटतच नाही; खाली कुठेतरी तो असेल तर चौकट तिथपर्यंत लांबते आणि मधला सगळा मजकूर गिळते.

## टप्पा ४ : रॅप बसवणे

एक्स्टेन्शन मॅनेजरमधून (प्लगइन बसवण्या-काढण्याच्या व्यवस्थापकाच्या पानावरून) रॅप बसवावा, आधी चाचणीच्या विकीवर. नोट चालूच ठेवावा. त्यानंतर नव्या कोऱ्या पानावर चारही प्रकारांच्या चौकटी लिहून पाहाव्यात आणि त्याच पानावर खाली नोटच्या चार चौकटी ठेवाव्यात. दोन्ही एकाखाली एक दिसल्या म्हणजे तिसऱ्या टप्प्यातली जुळवणी पटते की नाही हे लगेच कळते, आणि संपादकांना दाखवायलाही हेच पान उपयोगी पडते.

विकीची रंगसंगती गडद असेल तर रॅपच्या सेटिंगांत गडद टेम्प्लेटसाठीचा पर्याय आहे. तो चालू करावा. बाकीच्या सेटिंगांना या कामात हात लावण्याचे कारण नाही.

‘कॉन्फ’ फोल्डरातील तुमच्या शैलीच्या फाइलीत नोटच्या चौकटींसाठी काही रंग किंवा समास लिहिलेले असतील तर ते रॅपला आपोआप लागू होत नाहीत, कारण रॅप आपल्या प्रकारांच्या नावांआधी ‘रॅप’ आणि अंडरस्कोर जोडतो. ते नियम नव्या नावांनी पुन्हा लिहावेत. जुने मात्र आत्ताच पुसू नयेत.

पडताळणी : चाचणीचे पान फोनवर उघडावे, आणि पानांची पीडीएफ काढण्याची सोय वापरात असेल तर त्या पानाची पीडीएफही काढून पाहावी. पडद्यावर नीट दिसणारी चौकट कागदावर तशीच उतरेल असे गृहीत धरू नये.

## टप्पा ५ : एक पान हाताने

सगळी पाने एकदम बदलण्यापूर्वी एक अवघड पान निवडून हाताने बदलावे. समजा, महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेच्या विकीवर आम्ले हाताळण्याचे पान आहे. वर साध्या नोटमध्ये प्रयोगशाळेची वेळ आहे. मध्ये वॉर्निंगच्या नोटमध्ये तीन कलमांची यादी आहे : आम्ल पाण्यात ओतावे, पाणी आम्लात कधीही ओतू नये; चष्मा लावावा; धूरकक्षाचा पंखा चालू असल्याची खात्री करावी. यादीच्या वर बरोबरच्या चिन्हांत लिहिलेले ‘नियम’ असे शीर्षक आहे. पानाच्या तळाशी ‘टिप्स’ असे चुकीचे लिहिलेला एक नोट आहे.

शब्दाची सरधोपट अदलाबदल केली तर या एका पानावर तीन गोष्टी बिघडतात. वॉर्निंगची चौकट भडक होते. वरची साधी आणि तळाची चुकीची अशा दोन्ही सूचना चौकटीविना उरतात. तिसरी गोष्ट शीर्षकाची : नोटच्या आत डोकुविकीची शीर्षके उमटत नाहीत, बरोबरची चिन्हे जशीच्या तशी दिसतात, रॅपच्या आत मात्र ती खरी शीर्षके होतात आणि पानाच्या अनुक्रमणिकेतही जाऊन बसतात. चौकटीतला ‘नियम’ हा शब्द अनुक्रमणिकेत एका विभागाच्या तोलाने दिसू लागतो. हे हवे असेल तर ठेवावे. बहुधा ते नको असते, आणि मग शीर्षकाची चिन्हे काढून तो शब्द नुसता ठळक करणे हाच उपाय.

हाताने बदलताना दोन सवयी पाळाव्यात. उघडणारा आणि बंद करणारा टॅग स्वतंत्र ओळींवर ठेवावा. यादीच्या शेवटच्या कलमालाच बंद करणारा टॅग चिकटवला तर डोकुविकी त्याला कलमाचाच भाग समजू शकते. आणि पान जतन करण्याआधी पूर्वदृश्य पाहावे. त्यात वॉर्निंगची यादी कलमे म्हणून दिसते की तारकाचिन्हांसह सलग ओळींत, एवढे पाहिले तरी मोठा-छोटा रॅपची चूक पकडली जाते.

## टप्पा ६ : सर्व पाने

येथे दोन मार्ग आहेत. पहिला, बॅचएडिट हा प्लगइन : तो व्यवस्थापकाच्या पानावरून अनेक पानांत शोध-बदल करतो आणि प्रत्येक बदल नेहमीच्या संपादनासारखा इतिहासात नोंदवतो. दुसरा, सर्व्हरवर सेडसारख्या आज्ञेने फाइली थेट बदलणे. पहिला मार्ग घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. थेट बदलात कोणी, का बदल केला याची नीट नोंद राहत नाही, जुन्या रूपाकडे परतायचे झाल्यास पानाचा इतिहास उपयोगी पडत नाही, आणि आज्ञा ज्याच्या नावाने चालवली त्याच्या मालकीच्या फाइली तयार होऊन पुढे वेब सर्व्हरलाच त्या लिहिता येत नाहीत असेही होते.

आधी संपूर्ण फेरी चाचणीच्या विकीवर करावी, मग मूळ विकीवर. मूळ विकीवरची फेरी सुरू करण्यापूर्वी संपादकांना वेळ कळवून अपुरी कामे जतन करायला सांगावे आणि ठरलेल्या वेळी अधिकारांच्या पानावरून सर्वांना केवळ वाचनाचा अधिकार ठेवावा. ही केवळ शिस्तीची बाब नाही. एखाद्याचा अर्धवट मसुदा विकीवर पडून असेल आणि त्यानंतर ते पान बदलले गेले, तर डोकुविकी तो मसुदा कालबाह्य समजून काढून टाकते. त्या माणसाचे लिखाण जाते आणि त्याला कारणही कळत नाही. संपादनासाठी उघडलेल्या पानाला मूळ सेटिंगनुसार १५ मिनिटे कुलूप राहते, म्हणून अधिकार बंद केल्यावर तेवढा वेळ थांबून मगच पुढे जावे.

बदल पुढील क्रमाने करावेत :

१. टिप : उघडणाऱ्या कोनी कंसापासून बंद होणाऱ्या कोनी कंसापर्यंत संपूर्ण टॅग शोधाच्या चौकटीत लिहावा, अर्धा नव्हे.

२. इम्पॉर्टंट.

३. वॉर्निंग, बदलून अलर्ट.

४. साधा नोट आणि क्लासिक, बदलून इन्फो.

५. यादीत सापडलेली चुकीची आणि फ्रेंच रूपे, एकेक करून.

६. बंद करणारे टॅग.

बंद करणारे टॅग सर्वांत शेवटी घेण्याचे कारण असे की सर्व प्रकारांसाठी तो एकच असतो आणि एका बदलात सगळे निकालात निघतात. पण पहिल्या बदलापासून सहाव्यापर्यंत पाने मोडलेल्या अवस्थेत असतात, हे लक्षात ठेवावे : उघडणारा टॅग रॅपचा आणि बंद करणारा नोटचा. म्हणून हे सहाही बदल एकाच बैठकीत पूर्ण करावेत. काम मध्येच सोडावे लागण्याची शक्यता असेल तर उघडणारा टॅग, मधला मजकूर आणि बंद करणारा टॅग असा संपूर्ण खंड एकाच नियमित राशीने (मजकुराचा नमुना सांगणाऱ्या शोधसूत्राने, म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशनने) पकडून बदलावा. त्यासाठी बिंदूने ओळबदलही पकडावा अशी सोय चालू करावी लागते आणि मधला मजकूर कमीत कमी घ्यायला सांगावे लागते, नाहीतर पहिल्या नोटच्या सुरुवातीपासून शेवटच्या नोटच्या अंतापर्यंत सगळे पान एकच खंड समजले जाते. नोटच्या आत नोट असलेल्या पानांवर मात्र ही रीत चुकते. ती पाने हाताने घ्यावीत.

प्रत्येक बदलाआधी बॅचएडिट सापडलेल्या जागांचा पूर्वमजकूर दाखवतो. तो खरोखर वाचावा. कोड, फाइल किंवा ‘नोविकी’ टॅगांच्या आतले नमुने येथेच हेरून त्यांची निवड काढून टाकावी. संपादकांना नोट कसा वापरावा हे शिकवणाऱ्या पानावरचा नमुना आंधळेपणाने बदलला तर मजकूर नोटबद्दल आणि नमुना रॅपचा अशी मजेशीर पण निरुपयोगी पाने तयार होतात. तसेच दाखवायच्या जागांच्या संख्येवर मर्यादा घातलेली आहे का ते पाहावे. असेल तर ‘आता काही सापडत नाही’ असे उत्तर येईपर्यंत तोच शोध पुन्हा चालवावा.

सावधान : बदल ‘किरकोळ’ म्हणून नोंदवण्याचा पर्याय निवडावा आणि सारांशात कारण लिहावे. पानांची सदस्यता घेतलेल्यांना किरकोळ बदलांची पत्रे जात नाहीत. अन्यथा एका संध्याकाळीत त्यांच्या पेटीत प्रत्येक पानामागे अनेक पत्रे जमा होतील.

पडताळणी : पहिल्या टप्प्यातला ग्रेप पुन्हा चालवावा. उरलेल्या ओळींत फक्त नमुने, हाताने बदलायची पाने आणि साच्यांच्या फाइली असाव्यात. त्यानंतर बंद करणाऱ्या छोट्या रॅपचा शोध घ्यावा. आजवर विकीवर छोटा रॅप वापरलेलाच नव्हता, तेव्हा तो कुठेही सापडला तर ती चूकच आहे.

## टप्पा ७ : हाताने करायचे उरलेले

वेगळी काढलेली पाने आता एकेक करून बदलावीत. साच्यांच्या फाइली सर्व्हरवरच उघडाव्या लागतात. त्या मोजक्याच असतात, म्हणून साध्या संपादकात बदलाव्यात आणि जतन केल्यावर फाइलींची मालकी व परवानग्या पूर्वीसारख्या आहेत ना ते पाहावे. प्रत्येक साच्याच्या नामविभागात एक तात्पुरते पान तयार करून नव्या चौकटी येतात का हे तपासावे आणि ते पान जतन न करता सोडून द्यावे.

संपादकांसाठीच्या मदतीच्या पानावरचा मजकूर आणि नमुने दोन्ही रॅपप्रमाणे लिहावेत. संपादनपट्टीवर नोटचे वेगळे बटण आणि रॅपचे बटण काही काळ शेजारी-शेजारी दिसतील, म्हणून अधिकार पुन्हा उघडण्यापूर्वीच कोणते वापरायचे ते या पानावर स्पष्ट लिहावे.

बाजूच्या पट्टीचे पान विसरू नये. ते सगळीकडे दिसते, पण मुद्दाम कोणी उघडत नाही. अरुंद पट्टीत ६०% रुंदीची चौकट म्हणजे एका ओळीत दोन-तीन मराठी शब्द. तिथे रुंदी आणि ‘सेंटर’ काढून नुसता प्रकार ठेवावा.

## टप्पा ८ : नोट बंद करणे आणि काढणे

एक्स्टेन्शन मॅनेजरमध्ये ‘बंद करणे’ आणि ‘काढून टाकणे’ या दोन वेगळ्या क्रिया आहेत. आधी फक्त बंद करावा. काही बिघडलेले दिसले तर एका क्लिकने तो परत चालू होतो.

बंद केल्यावरही जुन्याच चौकटी दिसत असतील तर पाने साठवणीतून, म्हणजे आधी तयार करून ठेवलेल्या प्रतींतून (कॅश), येत आहेत. मॅनेजरमधून प्लगइन बंद केल्यावर डोकुविकी सहसा ही साठवण स्वतःच शिळी ठरवते. फाइली हाताने हलवून प्लगइन बंद केला असेल तर मात्र सेटिंगांच्या पानावर जाऊन काहीही न बदलता जतन करावे. त्याने ‘कॉन्फ’मधली स्थानिक सेटिंगांची फाइल नव्या वेळेची होते आणि सर्व पाने पुन्हा तयार होऊ लागतात. मग ब्राउझरही ताजा करून घ्यावा, कारण शैलीची फाइल तो स्वतःकडेही ठेवतो.

पानांच्या जुन्या आवृत्त्यांत नोटचे टॅग तसेच राहतील आणि आता ते उघडे दिसतील. ‘ॲटिक’मधल्या फाइली बदलण्याचा प्रयत्न करू नये, जुनी आवृत्ती जशी होती तशीच राहणे हाच इतिहास ठेवण्याचा हेतू आहे. मात्र कोणी जुनी आवृत्ती परत आणली की तिच्याबरोबर नोटचे टॅगही परत येतात. म्हणून नोट बंद केल्यानंतर काही आठवडे, आठवड्यातून एकदा, तोच ग्रेप चालवावा. नवे काही सापडेनासे झाले की शैलीच्या फाइलीतले नोटचे जुने नियम पुसावेत, प्लगइन काढून टाकावा आणि चाचणीची विकी मोडावी. दुसऱ्या टप्प्यातली प्रत मात्र नेहमीच्या नियमानुसार तिची मुदत संपेपर्यंत राहू द्यावी.